छायालेखनाचे शिक्षण आणि दृश्य पुन्हा पाहण्याची सोय

मराठी चित्रपटसृष्टीच्या इतिहासाचे जे लेखन आजवर झाले आहे, ते बहुतांशी निर्मात्या संस्था, दिग्दर्शक, नटनट्या आणि गाजलेले बोलपट यांच्याभोवती फिरते. कॅमेऱ्यामागे उभा राहणारा मनुष्य आपले काम कोठे शिकला, कोणाजवळ शिकला, आणि मुख्यतः कोणत्या रीतीने शिकला, हा प्रश्न त्यात क्वचितच उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची एकच बाजू तपासून पाहावयाची आहे. छायालेखन शिकावयाचे तर शिकणाऱ्याने स्वतः काही चित्रित केले पाहिजे आणि दुसऱ्यांनी चित्रित केलेले बारकाईने पाहिले पाहिजे, याविषयी फारसा मतभेद नाही. यांपैकी पहिल्या गोष्टीविषयी पुष्कळ बोलले जाते. दुसरीविषयी मात्र आपण असे गृहीत धरून चालतो की, ज्याला डोळे आहेत त्याला पाहता येतेच. माझे म्हणणे असे की, महाराष्ट्रातील या विद्येचा इतिहास हा पुष्कळ अंशी एखादे दृश्य पुन्हा पाहता येण्याच्या सोयीचा इतिहास आहे. ती सोय कोणाला होती, कोणत्या मोलाने मिळाली आणि कोणाला मिळालीच नाही, हे पाहिल्यावाचून छायालेखनाच्या शिक्षणाचा विचार पुरा होत नाही.

हा विचार सुचण्यास निमित्त झाले ते बुलढाणा जिल्ह्यातील चिखली येथील एका प्रसंगाचे. चिखली हे तालुक्याचे गाव. कापूस व सोयाबीन यांची बाजारपेठ, रेल्वे नाही, बुलढाणा-जालना मार्गावर एस.टी.ची वर्दळ. तेथील काही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी मोबाइलवर चित्रित केलेला आठ मिनिटांचा एक लघुपट मला दाखविला. त्यात एक दृश्य असे होते : दुपार कलली आहे, उघड्या दारात आई उभी आहे, मुलगा आत बसलेला आहे. उजेड आईच्या पाठीमागून येत असल्यामुळे तिचा चेहरा काळा पडला होता. ती दोन पावले आत आली, तोच चेहरा एकदम उजळला आणि तिच्या मागचे अंगण पांढरेफटक झाले. चित्रण करणाऱ्या विद्यार्थिनीने सांगितले की, हे मुद्दाम केले आहे. तिच्याच गटातील एक मुलगा म्हणाला, ही सरळसरळ चूक आहे. वाद वाढू लागला तेव्हा ते दृश्य आम्ही पुन्हा पाहिले, आणि एकूण चार वेळा पाहिले. चौथ्या खेपेस एकाच्या ध्यानात आले की, अंगणातील ऊन जसेच्या तसे होते. आईच्या काळ्या आकृतीने चौकटीचा बराचसा भाग व्यापताच यंत्राने आपण होऊन जास्त उजेड आत घेतला होता. चेहरा काळा ठेवणे हा त्या मुलीचा निर्णय असेलही. तो उजळणे हा तिचा निर्णय नव्हता आणि तिची चूकही नव्हती. तो यंत्राचा निर्णय होता, आणि तो यंत्राचा आहे हे चार वेळा पाहिल्याखेरीज दहा जणांपैकी कोणालाही दिसले नव्हते. त्या दहांत प्रस्तुत लेखकही होता.

या साध्या घटनेतील 'चार वेळा' या शब्दांपाशी मी थांबलो. ज्या विद्येत दृश्य क्षणात येते व क्षणात जाते, त्या विद्येत 'पुन्हा एकदा दाखवा' असे म्हणता येणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, आणि ती किती अलीकडची आहे, याचा शोध घ्यावयाचा तर आरंभ दादासाहेब फाळके यांच्यापासूनच करावा लागतो.

धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकात भारतीय चित्रपटाविषयी लेख लिहिले व त्यांत आपल्या उमेदवारीची हकीकत सांगितली. ती हकीकत आपण बहुधा एका ध्येयवेड्या पुरुषाच्या त्यागाची कथा म्हणून वाचतो. शिक्षणाच्या इतिहासाचे साधन म्हणून ती वाचली तर तिच्यात वेगळेच काही दिसू लागते. मुंबईस ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट त्यांनी पाहिला, तो पुन्हा पाहिला, आणि त्या वेळी पत्नी सरस्वतीबाई यांनाही बरोबर नेले. त्यानंतर कित्येक महिने मुंबईत दाखविले जाणारे चित्रपट रोज पाहण्याचा त्यांनी सपाटा लावला. घरी एक लहानसा कॅमेरा व फिल्मचे तुकडे आणून त्यांवर प्रयोग चालविले. या अतिश्रमाने त्यांची दृष्टी काही काळ गेली व उपचारांनंतर ती परत आली. येथे हे ध्यानात घेतले पाहिजे की, फाळके छायाचित्रणाला नवखे नव्हते. जे. जे. कलाशाळा, बडोद्याचे कलाभवन, छायाचित्रणाचा व्यवसाय, मुद्रणाचा कारखाना असा त्यांचा प्रवास झालेला होता. स्थिर चित्रात उजेड कोठून येतो हे त्यांना उत्तम कळत होते. चालत्या चित्रातील उजेड मात्र थांबून पाहता येत नव्हता. पडद्यावरचे दृश्य थांबत नाही, म्हणून पाहणाऱ्यानेच पुन्हा पुन्हा जावयाचे. पुन्हा पाहण्याची किंमत तिकिटाच्या पैशांत आणि शेवटी डोळ्यांच्या आजारात मोजावी लागली.

१९१२ साली फाळके लंडनला गेले. तेथे 'बायोस्कोप' या साप्ताहिकाच्या संपादकांच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ यांचे चित्रनिर्मितिगृह त्यांना पाहावयास मिळाले. विल्यमसन बनावटीचा कॅमेरा घेऊन ते परतले. परतल्यावर त्यांनी जे केले त्याला आजच्या भाषेत विद्यार्थ्याचा सराव-चित्रपट म्हणण्यास प्रत्यवाय नाही. कुंडीत वाटाणा पेरून त्यांनी त्याच्या वाढीची चित्रे दिवसामागून दिवस, महिन्याहून अधिक काळ, एकेक करून घेतली आणि ती सलग दाखविली. हा लघुपट भांडवल देणाऱ्यांची खात्री पटविण्यासाठी केला असे सांगतात, आणि ते खरेच आहे. परंतु कॅमेरा जागचा हलू न देणे, प्रत्येक चित्राला उजेड तेवढाच पोहोचेल असे बघणे आणि पडद्यावरचा काळ हा आपण घडवावयाचा असतो हे ओळखणे, एवढे तीन धडे त्या वाटाण्याच्या वेलाने त्यांना दिले असले पाहिजेत. पुढे 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या चित्रपटाचे छायालेखन त्यांनी स्वतः न करता त्र्यंबक तेलंग यांस शिकवून त्यांच्याकडून करविले. म्हणजे उमेदवारी संपते न संपते तोच शिकविण्यास आरंभ झाला होता.

फाळक्यांच्या उपलब्ध फिल्म्समध्ये 'चित्रपट कसे तयार करतात' हा एक छोटा पट आहे. त्यात फाळके स्वतः काम करताना दिसतात. आपल्याकडे चित्रपटविद्येचे पहिले पाठ्यपुस्तक कोणते असे विचारले तर मी या पटाकडे बोट दाखवीन. त्याचप्रमाणे 'कालियामर्दन' (१९१९) या चित्रपटाच्या आरंभी त्यांची कन्या मंदाकिनी हिचा चेहरा जवळून दाखविलेला आहे. ती निरनिराळे भाव दाखविते, आणि मग त्याच चेहऱ्याच्या जागी कृष्णवेषातील मंदाकिनी येते. कथा सुरू होण्यापूर्वी प्रेक्षकाला 'हा चेहरा नीट पाहून घ्या' असे सांगण्याची ही रीत कोणत्याही शिक्षकाला ओळखीची वाटेल.

कोल्हापूरची परंपरा याहून निराळी. तेथे शिक्षण यंत्रापासून सुरू झाले. आनंदराव आणि बाबूराव हे पेंटर बंधू मूळचे चित्रकार व रंगभूमीचे पडदे रंगविणारे. (ते सख्खे नव्हेत, चुलत-आते नात्यातले.) परदेशी कॅमेरा विकत घेणे आवाक्याबाहेरचे, म्हणून तो स्वतःच बनविण्याचा घाट त्यांनी घातला. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले आणि बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने ते काम तडीस नेले. ज्याने कॅमेरा स्वतः घडविला त्याला प्रत्येक चक्र काय करते हे पाठ असावयाचेच. या घरात जे शिकले त्यांत दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर अशी नावे आहेत. शांतारामांनी तर पडेल ते काम करण्यापासून आरंभ केला. तेथे शिकणे म्हणजे गुरूच्या हाताखाली वावरणे. सांगितलेले कमी, पाहिलेले जास्त. आपल्याकडील गवई किंवा मूर्तिकार यांच्या घरी जसे चालते तसेच. 'सिंहगड' (१९२३) साठी बाबूरावांनी कृत्रिम प्रकाश वापरला, तेव्हा दिवा कोठे ठेवावा हे शिष्यांनी ऐकून नव्हे तर दिवा धरून शिकले असणार.

या पद्धतीचा महिमा आपण पुष्कळ गातो. तिचा तोटाही सांगावयास हवा. 'सावकारी पाश' (१९२५) या चित्रपटात एका उदास झोपडीचे मंद उजेडात टिपलेले दूरदृश्य होते व त्यात एक कुत्रे रडत होते, अशी आठवण जे. बी. एच. वाडिया यांनी नोंदवून ठेवली आहे. मूकपटात कुत्र्याचे रडणे ऐकू येत नाही. तरी ते एवढे ठसले, याचा अर्थ त्या काळोखाची मांडणी विलक्षण असली पाहिजे. ती कशी होती? झोपडीच्या कोणत्या बाजूला उजेड होता, आकाश किती ठेवले होते, दृश्य किती वेळ टिकत होते? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर आज देता येत नाही, कारण तो मूळ चित्रपट राहिलेला नाही. १९३६ चा त्याच नावाचा बोलपट ही वेगळी कृती आहे. आपल्या छायालेखनाच्या इतिहासातील एक महत्त्वाचे दृश्य आपल्यापाशी केवळ आठवणीच्या एका वाक्याएवढे उरले आहे. गुरूच्या घरी शिकलेली विद्या गुरू व शिष्य यांच्या देहाबरोबर संपते. फिल्म मागे राहिली तरच तिसऱ्या माणसाला काही शिकता येते.

१९२९ साली हे शिष्य बाहेर पडले व त्यांनी 'प्रभात' स्थापिली. १९३३ मध्ये कंपनी पुण्यास आली. या स्थलांतरामागील व्यावसायिक कारणांत येथे शिरण्याचे कारण नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, प्रभातच्या आवारात चित्रीकरण, फिल्म धुणे, संकलन आणि दाखविणे ही सर्व कामे एका कुंपणात होत. चित्रित केलेला भाग धुऊन आला की लगेच तेथेच पाहता येई. हे पुन्हा पाहणे आपल्याच कामाचे, आणि ते कंपनीतील लोकांपुरते. तथापि त्यामुळे काय साधले हे 'अमृतमंथन' (१९३४) मध्ये दिसते. शांतारामांचे दिग्दर्शन व केशवराव धायबर यांचे छायालेखन असलेल्या या चित्रपटाच्या आरंभी गुप्त मंडळींची सभा आहे आणि राजगुरूचा डोळा दूरभिंगाने एवढा जवळ आणलेला आहे की, पडदाभर तोच व्हावा. हिंदी आवृत्तीत तो डोळा चंद्रमोहन यांचा आहे. हे दृश्य प्रथम पाहताना प्रेक्षकास भीती वाटते, आणि तेवढ्यावरच बहुतेक समीक्षा थांबते. विद्यार्थ्याने ते दुसऱ्यांदा पाहताना विचारावे की, दूरचे भिंग का? कॅमेरा डोळ्यापाशी नेता आला नसता काय? नेला असता तर त्याची सावली चेहऱ्यावर पडली असती, दिवा मांडण्यास जागा उरली नसती, आणि डोळा फुगल्यासारखा दिसून भयाऐवजी हसू आले असते. लांब उभे राहून जवळचे घेतल्यामुळे मागचे सारे विरघळते आणि डोळा कोणत्याही स्थळाशी बांधलेला राहत नाही. तिसऱ्यांदा पाहताना बुबुळात चमकणारा बिंदू शोधावा. त्या बिंदूवरून दिवा कोठे होता हे कळते. प्रकाशयोजनेचा नकाशा छायालेखकाने अशा रीतीने पात्राच्या डोळ्यांतच लिहून ठेवलेला असतो.

हा मुद्दा सोडण्यापूर्वी आपल्या भाषा-साहित्य विभागांतील एका सवयीविषयी लिहावेसे वाटते. चित्रपटातील दृश्याचे विश्लेषण करावयास सांगितले की, आपले विद्यार्थी, आणि शिक्षकही, ताबडतोब प्रतीकांच्या मागे लागतात. घड्याळ म्हणजे काळ, आरसा म्हणजे आत्मभान, पिंजरा म्हणजे बंधन. ही उत्तरे दृश्य न पाहताही देता येतात, आणि पुष्कळदा तशीच दिली जातात. छायालेखन शिकू पाहणाऱ्याला घड्याळाचा अर्थ नंतर हवा; त्याला आधी हे हवे की घड्याळावर उजेड कोणत्या बाजूने पडला आहे आणि कॅमेरा त्याच्या खाली आहे की वर. अर्थ त्या मांडणीतून निपजतो. मांडणी वगळून काढलेला अर्थ हा कथेचा असतो, दृश्याचा नसतो.

प्रभात कंपनी १९५३ मध्ये बंद पडली. त्याआधी १९५१ मध्ये स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने आपला अहवाल सादर केला होता व त्यात चित्रपटशिक्षणाच्या संस्थेची शिफारस होती. शिफारस अमलात येण्यास नऊ वर्षे लागली. १९६० मध्ये प्रभातच्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची स्थापना झाली, आणि पुढील वर्षी अध्यापन सुरू झाले. पहिले प्राचार्य गजानन जागीरदार हे प्रभातच्या परिवारातलेच. त्यांच्यानंतर जगत मुरारी यांनी दीर्घकाळ धुरा वाहिली. चित्रपटाचे शाळेतून शिक्षण ही कल्पना जगात नवी नव्हती. मॉस्कोची संस्था १९१९ ची, रोमची १९३५ ची, पॅरिसची १९४३ ची. मॉस्कोत तर कोरी फिल्म एवढी दुर्मिळ होती की, कुलेशॉव्हच्या शिष्यांनी फिल्मशिवायच चित्रपटाचे पाठ बसविले. तुटवड्यातून शिस्त आली. पुण्यातही परिस्थिती अगदीच निराळी नव्हती. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रे असतात आणि हजार फूट फिल्म सुमारे अकरा मिनिटांत संपते. विद्यार्थ्याच्या वाट्याला मोजके फूट येत. त्यामुळे कळ दाबण्यापूर्वी त्याला ठरवावे लागे : भिंग कोणते, उजेड किती, पात्र कोठून कोठे जाणार. चुकले तर दुसरी संधी बहुधा नाही. दिग्दर्शन, छायालेखन, ध्वनी व संकलन या शाखांचे विद्यार्थी मिळून पदविका-चित्रपट करीत, आणि एकाची चूक दुसऱ्याच्या टेबलावर उघडी पडे. संकलनाच्या मेजावर बसलेल्या सहाध्यायासारखा कठोर परीक्षक दुसरा नाही.

परंतु इन्स्टिट्यूटने खरी नवी गोष्ट केली ती याच्या पलीकडची. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी त्याची उभारणी केली. त्याच सुमारास सतीश बहादूर हे चित्रपट-रसास्वादाचे प्राध्यापक म्हणून इन्स्टिट्यूटमध्ये आले होते. ते मूळचे अर्थशास्त्राचे अध्यापक व आग्र्याच्या फिल्म सोसायटीचे कार्यकर्ते. एका बाजूला फिल्म्सची कोठी आणि दुसऱ्या बाजूला त्या थांबवून, मागे नेऊन, एकेका शॉटची गणती करून शिकविणारा शिक्षक, असा योग आपल्याकडे प्रथमच जुळून आला. जे फाळक्यांना तिकिटे काढूनही साधता आले नव्हते ते विद्यार्थ्याला वर्गात बसून मिळू लागले. बहादूर यांचा 'पथेर पांचाली'चा पाठ प्रसिद्ध होता. श्यामला वनारसे यांच्यासह त्यांनी अपूच्या चित्रत्रयीचा जो संहितानिष्ठ अभ्यास केला, त्यात या पाठाची रीत दिसते.

'पथेर पांचाली' (१९५५) ची निवड मला फार अर्थपूर्ण वाटते, कारण तो एका अर्थी शिकाऊ मंडळींचाच चित्रपट होय. छायालेखक सुब्रत मित्र हे काम सुरू झाले तेव्हा ऐन विशीत होते व त्यांनी चित्रपटाचा कॅमेरा पूर्वी चालविलेला नव्हता. रेन्वार हे 'द रिव्हर'चे चित्रण बंगालमध्ये करीत असताना मित्र तेथे जाऊन बसत आणि प्रकाशयोजनेच्या आकृत्या वहीत काढून घेत. पुन्हा पाहण्याची सोय नसलेल्या माणसाने वहीच्या आधारे केलेले हे विश्लेषणच होय. काशाच्या फुलांतून दुर्गा व अपू आगगाडी पाहावयास जातात त्या प्रसंगाचे चित्रण १९५२ च्या ऑक्टोबरात सुरू झाले. एक दिवसाचे काम झाले. पुढल्या खेपेस मंडळी परत जातात तो जनावरांनी काश खाऊन टाकलेला. पुढच्या हंगामापर्यंत थांबावे लागले. या प्रसंगात गाडी जवळ येते तेव्हा कॅमेरा रुळांच्या पलीकडे जातो, आणि अपू गाडीच्या चाकांच्या फटींतून पळताना दिसतो. ज्या क्षणाची मुलाने वाट पाहिली त्या क्षणी आपण त्याच्या बाजूला नसतो. गाडी आपल्या व त्याच्या मध्ये येते. हे एकदा पाहून जाणवते, पण का जाणवते हे फिल्म मागे नेल्यावरच सांगता येते. पुढे 'अपराजितो' (१९५६) मध्ये काशीच्या घराचे अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारावे लागले, तेव्हा मित्र यांनी अंगणावर पांढरे कापड ताणून दिव्यांचा उजेड त्यावरून परतविला. आकाशातून झिरपणारा, सावली न पाडणारा तो उजेड पाहून तज्ज्ञांनाही ते खरे घर वाटले.

१९६०च्या दशकाच्या मध्यास ऋत्विक घटक इन्स्टिट्यूटमध्ये उपप्राचार्य होते. आवारातील आंब्याच्या झाडाखाली रंगणाऱ्या त्यांच्या गप्पांविषयी आख्यायिका पुष्कळ आहेत. त्यांची छाननी कोणीतरी करावयास हवी. त्या पिढीतील विद्यार्थी के. के. महाजन १९६६ मध्ये छायालेखनाची पदविका घेऊन बाहेर पडले. 'सारा आकाश', 'उसकी रोटी', 'माया दर्पण' आणि 'कोरस' या चार चित्रपटांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. यांपैकी 'उसकी रोटी' मध्ये त्यांनी व सहाध्यायी मणी कौल यांनी २८ व १३५ मिलिमीटर अशी दोनच भिंगे वापरली. एकात सारे स्पष्ट, दुसऱ्यात अगदी थोडे. वर्गातील एखाद्या स्वाध्यायाची अट पूर्ण लांबीच्या चित्रपटाला लावावी, तसे हे झाले. प्रेक्षकांना तो चित्रपट रुचला नाही हे मान्य केले पाहिजे. परंतु भिंगाची निवड हा विचार आहे, सोय नव्हे, हे इतक्या उघडपणे आपल्याकडे पूर्वी कोणी मांडले नव्हते.

आता या व्यवस्थेची मर्यादा. पुन्हा पाहण्याची ही सोय पुण्यातील एका आवारात, मोजक्या विद्यार्थ्यांसाठी होती. मुंबईस १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ स्थापन झाले, त्याचे 'रूपवाणी' निघाले, संग्रहालयाच्या १६ मिलिमीटरच्या प्रती फिल्म सोसायट्यांना मिळू लागल्या. पण या सोसायट्या मुख्यतः शहरांत. नायर आणि बहादूर यांनी कर्नाटकातील हेग्गोडू या सुपारीच्या बागांच्या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णा यांच्या 'नीनासम्' संस्थेत जाऊन रसास्वादाचे वर्ग घेतले, आणि शेतकऱ्यांनी तेथे 'पथेर पांचाली'सारखे चित्रपट पाहून त्यांची चर्चा केली. खेड्यातील माणसाला हे झेपणार नाही, या समजुतीला हेग्गोडूने उत्तर दिले होते. विदर्भातील तालुक्याच्या गावांत मात्र तंबूतला फिरता सिनेमा येई, चार रात्री राही आणि पेट्या बांधून पुढल्या गावी जाई. चिखलीच्या एखाद्या मुलाला त्या तंबूत काही विलक्षण दिसलेही असेल. ते पुन्हा दाखवा असे तो कोणाला सांगणार? त्यातच २००३ मध्ये पुण्यातील नायट्रेट फिल्म्सच्या कोठीस आग लागली व जुन्या फिल्म्सचा मोठा साठा जळाला. २०२२ मध्ये संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले.

पुण्याच्या संस्थेतील मराठी विद्यार्थ्यांची कामगिरी पुढेही चालू राहिली. उमेश कुलकर्णी यांचा 'गिरणी' (२००४) हा तेथील विद्यार्थिदशेतील लघुपट बराच गाजला. परंतु माझ्या दृष्टीने अधिक अर्थगर्भ उदाहरण पुण्याबाहेरचे आहे. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनाचा पदव्युत्तर अभ्यास करीत असताना नागराज मंजुळे यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. शाळेची ओढ असलेल्या एका वंचित मुलाची ती कथा. ५८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत पदार्पणाच्या दिग्दर्शनासाठी तो गौरविला गेला. पुढे त्याच दिग्दर्शकाच्या 'सैराट' (२०१६) चे छायालेखन सुधाकर रेड्डी यक्कंटी यांनी केले. ते पुण्याच्या संस्थेत शिकलेले. म्हणजे जिल्ह्याच्या महाविद्यालयातील सराव-चित्रपट आणि पुण्यातील शिस्तबद्ध छायालेखन या दोन वाटा एका चित्रपटात येऊन मिळाल्या. या मीलनाचा स्वतंत्र अभ्यास एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी घ्यावा इतका तो विषय मोठा आहे.

मग आज चिखलीत काय उणे आहे? फाळक्यांचे डोळे ज्यासाठी शिणले ते आज विद्यार्थ्याच्या खिशात आहे. 'कालियामर्दन'मधील मंदाकिनीचा चेहरा तो एस.टी.त बसून दहा वेळा पाहू शकतो. फिल्मचे फूट मोजण्याची गरज राहिली नाही. या सुबत्तेत दोन गोष्टी मात्र हरवतात असे मला त्या मुलांशी बोलताना वाटले. कळ दाबण्यापूर्वी ठरविण्याची निकड राहिली नाही, म्हणून यंत्र आपल्या वतीने ठरविते आणि ते आपल्याला कळतही नाही. आणि पुन्हा पाहणे सोपे झाले, पण एकत्र बसून पाहणे दुर्मिळ झाले. दाराच्या त्या दृश्यातील दोष एकटीने पाहताना त्या विद्यार्थिनीला पन्नास वेळाही दिसला नसता, कारण तो मुद्दाम केला आहे हे तिने आधीच ठरविले होते. तो दिसला वाद घालणाऱ्या मुलामुळे. यासाठी लागणारी सामग्री म्हणजे एक भिंत, एक दाखविण्याचे यंत्र आणि आठवड्यातून दोन तास. ती कोणत्याही महाविद्यालयात आहे. नाही तो शिक्षक, जो दृश्य थांबवून विचारील की, हा उजेड कोठून आला. आणि अशा शिक्षकांची तयारी करणे हे विद्यापीठीय विभागांचे काम आहे, पुण्याच्या एका संस्थेचे नव्हे.

दुसऱ्या दिवशी ती मंडळी पुन्हा त्याच घरी गेली. त्याच वेळी, चारच्या सुमारास. या खेपेस उजेडाचे माप त्यांनी हाताने पक्के करून ठेवले, की यंत्राला ते बदलता येऊ नये. आईचे काम करणाऱ्या बाईंच्या समोर, चौकटीबाहेर, दोघांनी एक पांढरी चादर ताणून धरली, आणि दारातून आलेले ऊन तिच्यावरून परतून चेहऱ्यावर मंद उतरले. सुब्रत मित्र यांचे नाव त्यांना ठाऊक नव्हते. चादरीची कल्पना लग्नाची छायाचित्रे काढणाऱ्या एका मुलाची होती. पहिल्या प्रयत्नात चादर हलली व चेहऱ्यावरचा उजेडही हलला. दुसऱ्या प्रयत्नात बाईंनी दाराकडे न पाहता चादरीकडे पाहिले. तिसऱ्या प्रयत्नाचे दृश्य मी पाहिले आहे. चेहरा आता काळा नाही, उजळही नाही, आणि अंगणातील ऊन ऊनच राहिले आहे. तरी त्या विद्यार्थिनीचे म्हणणे असे की, पहिला काळा चेहराच तिला हवा होता. फक्त तो शेवटपर्यंत काळा राहावयास हवा होता. त्या वादाचा निकाल अद्याप लागलेला नाही.